केसभर इतिहास

माझ्या डोक्यावरचे केस हा आता इतिहासाचा विषय झाला आहे. दोन्ही कानांच्या वर जी दोन छोटी संस्थानं शिल्लक आहेत, तीही विलीनीकरणाच्या वाटेवर आहेत. त्यामुळे केस धुण्याच्या इतिहासावर लिहायला माझ्याइतका निःपक्षपाती माणूस सापडणं कठीण. ज्यांच्या डोक्यावर भरघोस केस आहेत त्यांचे हितसंबंध गुंतलेले असतात. माझा या प्रकरणात आता केसाइतकाही स्वार्थ उरलेला नाही.

आमच्या लहानपणी केस धूत नसत. धुणं कपड्यांचं असे, डोक्याचं न्हाणं असे. आणि न्हाणं ही स्वतः करायची गोष्ट नव्हती. ती आपल्यावर केली जायची. रविवारी सकाळी आजी आधी डोक्यावर वाटीभर खोबरेल थापायची. मग तेच तेल काढून टाकण्यासाठी तास-दीड तास झटायची. मुळात लावायचंच कशाला, हा प्रश्न मी एकदा विचारला होता. उत्तर पाठीत मिळालं. आदल्या रात्री भिजत घातलेली शिकेकाई सकाळी पितळी पातेल्यात उकळत ठेवलेली असे. तिचा तो आंबट-तुरट वास घरभर सुटला की आम्ही भावंडं लपायच्या जागा शोधू लागायचो. आजी ज्याला पहिल्यांदा पकडेल त्याला सर्वांत गरम पाणी. "डोळे मीट," असं ती म्हणायची. मिटल्यावर "उघडू नकोस," म्हणायची. आणि नेमकं त्याच क्षणी मला डोळे उघडून बघावंसं वाटायचं. शिकेकाई डोळ्यांत गेलेला माणूस पुढची दहा मिनिटं कुठल्याही तत्त्वज्ञानाच्या पलीकडे गेलेला असतो.

नुसती शिकेकाई असेल तर ते साधं न्हाणं. दिवाळीच्या सुमाराला तिच्या जोडीला रिठा, आवळकाठी, नागरमोथा, कापूरकाचरी, वाळवलेल्या संत्र्याच्या साली आणि मूठभर मेथी असा सगळा लवाजमा गिरणीत जायचा. गिरणीवाला हे दळण सगळ्यांत शेवटी घ्यायचा, कारण नंतर ज्याची ज्वारी येईल त्याची भाकरी न्हाऊनमाखून निघे. शिकेकाई दळायला लागली की गिरणीवाला, त्याचा पोऱ्या, रांगेतली माणसं आणि पलीकडचा शिंपी असे सगळे ओळीनं शिंकायचे.

शिकेकाई हा शब्द आपल्याला इतका घरचा वाटतो की तो परगावचा आहे हे कुणी सांगितलं तर राग येईल. पण आहे खरा. तमिळमध्ये 'शिगै' म्हणजे केस, शेंडी आणि 'काय्' म्हणजे कच्चं फळ. केसांचं फळ ते शिगैक्काय्. आपण मराठी माणसं कित्येक पिढ्या डोक्याला तमिळ चोळत आलो आहोत आणि तरी डोक्यात काही शिरलेलं नाही. झाड म्हणाल तर ते झाड नव्हेच. बाभळीच्या कुळातली ती एक काटेरी, दांडगी वेल आहे. दुसऱ्या झाडावर चढते, आकड्यांसारख्या काट्यांनी त्याला धरून ठेवते आणि उन्हाळ्याच्या तोंडाला चपट्या, सुरकुतलेल्या शेंगा देते. शेंगा काढणाऱ्याच्या हातांवर ओरखड्यांची मोडी लिपी उमटते. ही माहिती मला पुस्तकातून मिळाली नाही. कुठून मिळाली ते पुढे सांगतो.

रिठ्याचं घराणं मात्र अस्सल संस्कृत. त्याचं नाव अरिष्टक. अरिष्ट म्हणजे संकट, असं आपण समजतो. डोळ्यांत गेल्यावर ते पटतंही. त्याचं दुसरं नाव फेनिल, म्हणजे फेसाळ. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात कुठलं कापड कशानं शुद्ध करावं याची यादी आहे, ती एखाद्या लाँड्रीवाल्यानं भिंतीवर लावावी अशी आहे. रेशीम आणि लोकर खाऱ्या मातीनं, जाडीभरडी कांबळी रिठ्यानं, तागाची वस्त्रं पांढऱ्या मोहरीनं. मनूनं माणसांसाठी केलेले नियम काहीही असोत, कांबळ्यांच्या बाबतीत तो बरोबर होता. सराफ अजूनही दागिने उजळायला रिठ्याचं पाणी वापरतात आणि पैठणी जपणाऱ्या बायका दुसऱ्या कशाला हात लावू देत नाहीत. पुढे १७५३ साली स्वीडनच्या लिनियसनं या झाडांच्या वंशाला सॅपिंडस असं नाव दिलं. त्याचा अर्थ भारतीय साबण. म्हणजे साबण आपल्याकडे साहेबानं आणला असं आपण समजत होतो, तेव्हा साहेब आपल्या झाडाला साबण म्हणत होता.

या सगळ्यांत सॅपोनिन नावाचं द्रव्य असतं. तेच फेस आणतं, तेच तेल सोडवतं. साबणाची विहिरीच्या जड पाण्याशी गाठ पडली की केसांवर पांढरा चिकट राप बसतो. सॅपोनिनला ते दुखणं नाही. मासे मात्र त्यानं गुंगतात. म्हणून डोहात अशा फळांचा कूट टाकून मासे पकडायची रीत रानावनांत जुनी आहे. मोहाचं तेल गाळून उरलेल्या पेंडीतही हेच असतं. तिच्यानं आपल्या देशात लोक डोकी धूत होते, आणि विलायतेत साहेबानं ती बोटीनं नेऊन गोल्फच्या हिरवळीवर टाकली, कशासाठी, तर गांडुळं वर यावीत म्हणून! एकेका संस्कृतीचा एकेक प्राधान्यक्रम असतो.

आता शाम्पू. हा शब्द ऐकला की माझी सौ. सुद्धा जरा इंग्रजीत शिरते. पण हा साहेबाचा शब्द नव्हेच. हिंदीतलं 'चाँपना', म्हणजे आपलं चेपणं, त्यातूनच 'चाँपो', 'चंपी' आणि शेवटी शाम्पू. शाम्पू म्हणजे मूळचं अंग रगडणं. हा माल विलायतेला पोचवला तो पाटण्याच्या शेख दीन महंमद या गृहस्थानं. जन्म १७५९चा. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत वाढला, १७८४मध्ये आयर्लंडला गेला, तिथल्या मुलीशी लग्न केलं, १७९४मध्ये इंग्रजीत प्रवासवर्णन छापलं. १८१०मध्ये लंडनला हिंदुस्थानी पद्धतीचं खाणावळवजा कॉफीगृह काढलं आणि दोन वर्षांत दिवाळं वाजवलं. इथवर तो अगदी मराठी माणसासारखा वागला. पण पुढे तो ब्रायटनच्या समुद्रकिनाऱ्यावर गेला, वाफेचं न्हाणीघर काढलं आणि इंग्रज लोकांना आत घालून, वाफाळून, रगडून काढू लागला. तेही फी घेऊन. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम अशा दोन राजांचा तो शाम्पूवैद्य झाला. ज्या काळात ते राज्य आपल्या देशाला रगडत होतं, त्या काळात आपला एक माणूस खुद्द त्या राजांना रगडत होता, याचा उल्लेख शाळेच्या पुस्तकात नव्हता, नाहीतर मला इतिहासात जास्त मार्क पडले असते. केस धुण्याशी हा शब्द जोडला गेला तो पुढे १८६०च्या सुमाराला. बर्लिनच्या हान्स श्वार्त्सकॉफनं १९०३मध्ये पाण्यात कालवायची शाम्पूची पूड विकायला काढली. म्हणजे गिरणीतून आणलेल्या पुडीला एकदाचा जर्मन पाठिंबा मिळाला. आपल्याकडे मात्र शाम्पू म्हणजे डोकं धुणं आणि चंपी म्हणजे डोकं रगडणं, अशी भावाभावांची वाटणी झाली. धाकट्या भावाला निदान 'प्यासा'मध्ये (१९५७) जॉनी वॉकरच्या तोंडी एक गाणं तरी मिळालं.

हा सगळा इतिहास मला पुष्कळ नंतर कळला. शिकेकाईशी माझी खरी ओळख झाली ती जव्हारला.

१९८८ साली बँकेनं माझी बदली जव्हार शाखेत केली. तेव्हा तो ठाणे जिल्हा होता; पालघर जिल्हा वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ला. बदलीचा हुकूम हातात पडल्यावर सहकाऱ्यांनी "वा, ठाणे जिल्ह्याचं महाबळेश्वर!" असं म्हणून खांद्यावर हात ठेवला. हात ठेवण्याची पद्धत सांत्वनाची होती. मनोर, विक्रमगड करत एस.टी. घाट चढून वर गेली आणि मी चकितच झालो. गाव खरोखर देखणं. मुकणे राजांचं संस्थान इथं सहाशे वर्षं नांदलं, १९४८ला विलीन झालं. गावाबाहेर जयविलास राजवाडा अजून उभा आहे. सुरतेला जाताना १६६४मध्ये शिवाजी महाराज इथून गेले ते शिरपामाळ गावकरी अभिमानानं दाखवतात. संस्थानाचा मूळपुरुष जयबा याची दंतकथा मला फार आवडली. त्यानं म्हणे एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. मिळाल्यावर त्या कातड्याच्या केसासारख्या बारीक वाद्या कापल्या आणि त्यांनी मोठा मुलूख वेढून घेतला. कर्जाच्या अर्जात असं काही लिहून आलं असतं तर मी नक्की नामंजूर केलं असतं.

पहिल्याच आठवडे बाजारात मला शिकेकाई भेटली. एक वारली बाई टोपलीत काळ्या-तांबूस शेंगा घेऊन बसली होती. कोपरापर्यंत हातांवर पांढरे ओरखडे. वय तिशीचंही असेल, पन्नाशीचंही.

"कशी दिलीस?" मी विचारलं.

"तीन रुपये मापटं."

आता मी ठाण्याचा. तीन रुपये सांगितले म्हणजे दीडला सुरुवात करायची, हे आमच्या बाळकडूतच असतं. मी दीड म्हणालो. ती हसली. मी उठून जाण्याचा अभिनय केला. तीही अभिनयात कच्ची नव्हती; तिनं माझ्याकडे बघायचंच सोडून दिलं. शेवटी दोन रुपयांवर ठरलं. दोन मापटी घेतली आणि वर दोन मुठी जास्तीच्या घालून घेतल्या.

"कुठचा तू?" तिनं विचारलं. तिकडे सगळ्यांना तूच म्हणतात. कलेक्टरलाही, देवालाही. पहिल्या दिवशी मला ते टोचलं होतं, पुढे त्याची सवय झाली आणि ठाण्याला परत आल्यावर लोकांचं "अहो-जाहो" ऐकून चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं.

"ठाण्याचा. घर ठाण्याला, माणसं मुंबईला," मी म्हणालो.

ही खरेदी फत्ते करून मी शेजारच्या किराणा दुकानात चहापत्ती घ्यायला उभा राहिलो. पाच मिनिटांनी तीच बाई आली. माझे चार रुपये अजून तिच्या मुठीत होते. तिनं मीठ घेतलं, सुकट घेतली, तंबाखू घेतली. मग दुकानाच्या दारात तोरणासारख्या लटकलेल्या माळेकडे बोट करून म्हणाली, "दोन दे." वाण्यानं टर्र टर्र करून शाम्पूच्या दोन पुड्या फाडून दिल्या.

मला राहवलं नाही. "अगं, इतकी शिकेकाई तुझ्याकडे, आणि डोक्याला ही पुडी?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. बँकेत पासबुक उलटं धरणाऱ्या माणसाकडे मी पाहतो, तसं. "शिकेकाई उकळाया लाकडं पायजेत," ती म्हणाली. "मंग कूट केसांतून निघाया दोन हंडे पानी. उन्हाळ्यात दोन हंडे आनायचे कुठून? ही पुडी तांब्यात निघती. शिकेकाई लावतूं ना, पावसात. तवा वरून पानीच पानी." आणि जाता जाता म्हणाली, "तुला काय! आमची नदी तुझ्याकडंच जाते."

वाणी हसला. मीही हसलो. न हसून करतो काय? जव्हार-मोखाड्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो पडतो आणि उतारावरून निघून जातो. एप्रिल लागला की बायकांच्या डोक्यावर केस दिसायचे नाहीत, हंडेच दिसायचे. एकावर एक दोन, कधी तीन. विहीर कोसावर. वैतरणा मोखाड्यातून वाहते हे खरं; पण तिचं पाणी अडवलेलं आहे ते मुंबईसाठी. मोडकसागर १९५७चा, अप्पर वैतरणा १९७३चं. आणि त्याच्याही आधी, १८९२मध्ये, याच जिल्ह्यातल्या तानसाचं पाणी मुंबईला पोचलं होतं. योगायोग असा, की त्याच १८९२ साली सरकारनं ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं गोळा करण्यावर बंधनं घालणारा कायदा केला, लोक दारू गाळतात म्हणून. पाणी नेलं आणि दारूही बंद केली. लोकांनी प्यायचं काय, याचा विचार बहुधा पुढच्या अधिवेशनावर टाकला असावा.

शिकेकाईची ही पहिली खेप मी शनिवारी मोठ्या विजयानं घरी नेली. रानातली, ताजी, आणि शिवाय स्वस्त! सौ.नं ती भिजवली, उकळली, गाळली. गाळूनसुद्धा कूट राहायचा तो राहिलाच. तिचे केस तेव्हा कमरेच्या खाली होते. न्हाणीघरातून आवाज आला, "अहो, तिसरी बादली संपली, अजून निघतेच आहे!" चौथी मी नेऊन दिली. तिचे केस वाळल्यावर फार सुंदर दिसत होते, हे नमूद केलं पाहिजे. पण मी त्या दिवशी बाहेर बसून बादलीत हंडे किती मावतात याचं गणित करत होतो, आणि ते काही केल्या मला सुखाचं येईना. बँकेतल्या माणसाला वजाबाकीचं वाईट वाटायला नको. पण त्या व्यवहारात मी एका मापट्यामागे जो रुपया वाचवला होता, तेवढीच त्या शाम्पूच्या एका पुडीची किंमत होती.

पुढच्या बाजारात मी तिला न मागता तीन रुपये दिले. तिला संशय आला. तिनं शेंगा पुन्हा नीट बघितल्या, मी काहीतरी बरं हेरलंय असं समजून म्हणाली, "साडेतीन."

त्या पुडीचाही इतिहास आहे, आणि तो काही टाकाऊ नाही. तमिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी डोक्यात घेतलं होतं की श्रीमंत जे वापरतो ते मजुरालाही परवडलं पाहिजे, म्हणून माल बाटलीत नको, पुडीत हवा. त्यांच्या मुलांपैकी सी. के. रंगनाथन भावांपासून वेगळे झाले आणि १९८३मध्ये पंधरा हजार रुपयांवर त्यांनी 'चिक' शाम्पू काढला. त्यांची माणसं खेडोपाडी जात, चौकात एखाद्या पोराला धरून सगळ्यांसमोर त्याचं डोकं धुवून दाखवत आणि मग गावकऱ्यांना ते डोकं हुंगायला लावत. माझ्या आजीनं हेच काम आयुष्यभर फुकट केलं, पण हुंगायला कुणाला बोलावलं नाही. रिकाम्या पुड्या आणून द्या आणि एक भरलेली न्या, अशीही योजना निघाली. पुढे पुडी पन्नास पैशांवर आली. शिकेकाईच्या मुळच्या तमिळ मुलुखातूनच शिकेकाईचं उच्चाटन सुरू झालं म्हणायचं. मोठमोठ्या विलायती कंपन्यांना जे जमलं नव्हतं ते या पुडीनं केलं. लोकांना रसायनं आवडली म्हणून ते झालं असं मला वाटत नाही. सरपण, वेळ आणि पाणी या तिन्हींची बचत एका रुपयात होत होती. शिकेकाई हरली ती हिशेबात हरली.

आणि गंमत बघा, आता ती पुन्हा जिंकते आहे. माझी नात कॉलेजात आहे. परवा तिनं घरपोच मागवलेलं एक देखणं पाकीट मला दाखवलं. आत शंभर ग्रॅम शिकेकाईची पूड. बाहेर डोंगर, झाडं आणि हसणारी एक आदिवासी बाई, जिच्या हातावर एकही ओरखडा नव्हता. किमतीत माझ्या काळी जव्हारच्या बाजारातली अख्खी टोपली आली असती, टोपलीसकट. यातलं त्या बाईला काय मिळतं, हे पाकिटावर छापलेलं नव्हतं. बाकी सगळं छापलेलं होतं. गौण वनोपजाच्या खरेदीसाठी आदिवासी विकास महामंडळ १९७२पासून आहे. २००६च्या वनहक्क कायद्यानं असल्या वनोपजावर गोळा करणाऱ्याची मालकीही मान्य केली. तरी सरकारी भाषेत ते गौणच. मध, डिंक, हिरडा, शिकेकाई, सगळं गौण.

मध्यंतरी एका मेमध्ये मी जुन्या ओढीनं जव्हारला जाऊन आलो. मोखाड्यापर्यंत गेलो. तालुक्यातल्या कोचाळ्याला मध्य वैतरणेचं धरण २०१४पासून उभं आहे. उंची शंभर मीटरच्या वर, दिवसाला ४५५ दशलक्ष लिटर पाणी मुंबईला. त्याच तालुक्यात रस्त्याच्या कडेला टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागलेली होती. माणसं सावलीत, हंडे उन्हात. दुकानाच्या दारात पुड्यांचं तोरण तसंच होतं, रंग तेवढे बदललेले. शिकेकाईवाली काही भेटली नाही. हंगाम सरला होता, आणि पस्तीस वर्षंही.

नातीनं ते पाकीट फोडलं आणि विचारलं, "आजोबा, हे लावतात कसं?" घरात शिकेकाई लावता येणारं माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. ज्याला लावायला डोकं नाही त्याच्याकडेच विद्या राहिलेली. मोरीपाशी ती केस पुढे घेऊन वाकली. मी आजीसारखा दम भरून म्हणालो, "डोळे मीट."

"मिटलेत."

"उघडू नकोस."

तिनं उघडले. मग अर्थातच आकांत झाला. "आजोबा, पाणी, पाणी!" म्हणत ती नळ चाचपायला लागली. नळ मी बंद करून ठेवला होता. तिच्या हातात तांब्या दिला आणि म्हटलं, एवढ्यात भागव.

भागलं नाही. दुसरा दिला, तिसरा दिला. मग तिनं आंधळ्यासारखी धडपडत स्वतःच नळ सोडला आणि बराच वेळ सोडून ठेवला.